औषधोपद्रव : रुग्णाची नोंद व निवेदन

रोगनिवारण, रोगप्रतिबंध किंवा निदान यांसाठी नेहमीच्या मात्रेत दिलेल्या औषधामुळे शरीरावर होणाऱ्या अपायकारक व अनपेक्षित परिणामास औषधोपद्रव म्हणतात. असा उपद्रव केव्हा सुरू झाला, त्याचे स्वरूप कसे आहे, औषध घेण्याच्या वेळेशी त्याचा काही संबंध आहे काय, हे रुग्णाने स्वतः टिपून ठेवणे आणि ती माहिती डॉक्टर, औषधविक्रेता किंवा शासकीय यंत्रणा यांच्यापर्यंत पोहोचविणे हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. अतिमात्रेमुळे होणारी विषबाधा किंवा भेसळयुक्त औषधामुळे होणारा अपाय यांचा समावेश औषधोपद्रवाच्या काटेकोर व्याख्येत होत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली चौदा रुग्ण दगावले, ते ग्लिसरीन या औषधामुळे नव्हे, तर त्यात मिसळलेल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्यामुळे. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने केली. परंतु औषध घेतल्यावर लघवी बंद झाली, एवढेच रुग्णाला दिसते. कारण औषधात आहे, भेसळीत आहे की मूळ रोगात आहे, हे ठरविणे त्याचे काम नव्हे. जे घडले ते घडल्याप्रमाणे सांगणे एवढेच त्याचे काम असते.

आवश्यकता : नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याच्या चाचण्या होतात, तरीही रुग्णाच्या नोंदीची गरज उरतेच. या चाचण्यांत सहभागी होणाऱ्या रुग्णांची संख्या सामान्यतः काही हजारांपलीकडे जात नाही. एखाद्या उपद्रवाचे प्रमाण दहा हजार रुग्णांत एक असेल, तर तीन हजार रुग्णांच्या चाचणीत तो एकदाही न आढळण्याची शक्यता सुमारे तीन-चतुर्थांश असते. तो किमान एकदा तरी आढळेल अशी ९५ टक्के खात्री हवी असल्यास तीस हजार रुग्ण घ्यावे लागतील. शिवाय चाचणीसाठी निवडलेले रुग्ण बहुधा तरुण वा मध्यमवयीन असून त्यांना एकच रोग असतो. गरोदर स्त्रिया, अतिवृद्ध, मूत्रपिंड किंवा यकृत अशक्त झालेले आणि एकाच वेळी पाच-सहा औषधे घेणारे रुग्ण वगळले जातात. औषधाचा उपयोग नंतर त्यांनाच अधिक होतो. म्हणून औषधाची खरी परीक्षा ते घरोघर पोहोचल्यावर सुरू होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

इतिहास : रुग्णाला काय वाटते यावर लक्ष ठेवून औषधाची मात्रा ठरविण्याची पद्धत जुनी आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ साली डिजिटॅलिस वनस्पतीविषयी ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दीडशेहून अधिक रुग्णांचे वृत्तांत दिले असून मळमळ, ओकारी, नाडी मंद होणे, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणे ही अतिमात्रेची लक्षणे नमूद केली आहेत. औषध कोठे थांबवावे हे त्याने रुग्णांच्या या तक्रारींवरूनच ठरविले. पुढे रासायनिक औषधांचे युग आले आणि प्रयोगशाळेतील मापनांना महत्त्व चढले, तसे रुग्णाच्या सांगण्याकडे काहीसे दुर्लक्ष झाले.

थॅलिडोमाइड या औषधाचा इतिहास सर्वपरिचित आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेचे निर्धोक औषध म्हणून ते विक्रीस आले. गर्भारपणी ते घेतलेल्या स्त्रियांच्या पोटी हातपाय खुंटलेली सुमारे दहा हजार मुले जन्मली, आणि जर्मनीत विडुकिंट लेन्ट्स व ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांनी हा संबंध दाखविल्यावर १९६१ च्या अखेरीस ते मागे घेण्यात आले. या इतिहासातील एक भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. जन्मजात व्यंगांचा उलगडा होण्यापूर्वीच अनेक प्रौढ रुग्ण हातापायांना मुंग्या येतात, पाय बधिर पडतात, अशी तक्रार करीत होते. स्कॉटलंडमधील लेस्ली फ्लॉरेन्स या साध्या व्यवसायी डॉक्टराने आपल्या चार रुग्णांच्या अशा तक्रारी ऐकून घेतल्या आणि डिसेंबर १९६० मध्ये एका वैद्यकीय साप्ताहिकास त्याविषयी पत्र लिहिले. ते पत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील अधिकारी फ्रान्सिस केल्सी यांच्या वाचनात आले. औषधास परवानगी देण्यास त्या आधीच राजी नव्हत्या. या पत्रानंतर त्यांनी उत्पादकांकडे अधिक पुरावा मागितला आणि अमेरिकेत ते औषध त्या काळी विक्रीस आलेच नाही. ‘पायाला मुंग्या येतात’ ही तक्रार वय झाले म्हणून किंवा मनाचे खेळ म्हणून सोडून दिली गेली असती, तर काय झाले असते याची कल्पना करता येते.

या अनुभवानंतर अनेक देशांत उपद्रवांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणा उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये १९६४ साली डॉक्टरांना पिवळ्या रंगाची छापील कार्डे देण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व १९७८ पासून त्याचे केंद्र स्वीडनमधील उप्साला येथे आहे. या सर्व यंत्रणांत प्रारंभी निवेदन करण्याचा अधिकार डॉक्टरांकडेच होता. त्यातील उणीव प्रॅक्टोलॉल या हृद्‌विकारावरील औषधाने उघड केली. १९७० मध्ये ते ब्रिटनमध्ये प्रचारात आले. काही रुग्णांचे डोळे कोरडे पडू लागले, त्वचेवर चट्टे उठू लागले, आणि थोड्यांची दृष्टी कायमची गेली. लंडनमधील नेत्रतज्ज्ञ पीटर राइट यांनी या सर्वांमागील समान कारण ओळखून ते १९७५ साली प्रसिद्ध केले, तोवर औषध वापरात येऊन चार वर्षे उलटली होती. कोरड्या डोळ्यांचा हृदयावरील गोळीशी संबंध असेल, असे हृद्‌रोगतज्ज्ञाच्या मनात येत नव्हते. आणि डोळ्यांची तक्रार हृदयाच्या डॉक्टरकडे करावी, असे रुग्णाच्या मनात येत नव्हते.

पॅरोक्सेटीन या विषादरोगावरील औषधाच्या बाबतीत रुग्णांच्या शब्दांचे मूल्य अधिक स्पष्ट झाले. २००२ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमानंतर प्रेक्षकांकडून हजाराहून अधिक ई-पत्रे आली. चार्ल्स मेडावर व अँड्रू हर्क्सहायमर यांनी त्यांचा अभ्यास करून डॉक्टरांनी पाठविलेल्या पिवळ्या कार्डांशी तुलना केली. औषध सोडताना डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे होते, असे रुग्ण एकसारख्या शब्दांत सांगत होते, तर डॉक्टरांच्या कार्डांत हाच अनुभव निरनिराळ्या शास्त्रीय संज्ञांखाली विखुरला गेला होता. २००५ मध्ये ब्रिटनमधील रुग्णांना स्वतः कार्ड भरण्याची मुभा मिळाली. नेदर्लंड्सने ती २००३ सालीच दिली होती.

उपद्रवांचे स्वरूप : रॉलिन्स व टॉमसन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९७७ साली केलेले वर्गीकरण अद्याप उपयोगी ठरते. पहिल्या प्रकारात औषधाचा अपेक्षित गुणच मर्यादेबाहेर जातो. उदा., मधुमेहावरील गोळीने रक्तातील साखर फार उतरणे, रक्तदाबावरील गोळीने उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे. हे उपद्रव मात्रेवर अवलंबून असतात, वारंवार आढळतात आणि मात्रा कमी केल्यास बहुधा ओसरतात. दुसऱ्या प्रकारातील उपद्रव औषधाच्या गुणधर्मांवरून सांगता येत नाहीत. ते विरळा परंतु पुष्कळदा घातक असतात. पेनिसिलिनामुळे क्षणार्धात होणारा तीव्र आघात किंवा कार्बामाझेपीनसारख्या अपस्मारावरील औषधाने सर्वांगावर फोड येऊन कातडी सुटणे ही त्याची उदाहरणे होत. रुग्णाच्या दृष्टीने काळाचे अंतर ध्यानात ठेवणे महत्त्वाचे आहे. काही उपद्रव मिनिटांत होतात, काही आठवड्यांनी, तर मेटफॉर्मीन दीर्घकाळ घेतल्याने होणारी बी-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता काही वर्षांनी दिसू लागते. ‘हे औषध मी केव्हापासून घेतो आहे, त्याने आताच कसे होईल?’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे.

रुग्णाची भाषा : मराठी भाषिक रुग्ण आपली तक्रार ज्या शब्दांत मांडतो, त्यांतील पुष्कळ शब्द अनेकार्थी आहेत. त्यांचा नेमका अर्थ न विचारता ते केसपेपरवर लिहिल्यास हानी होऊ शकते. ‘पित्त’ हा शब्द याचे ठळक उदाहरण आहे. ‘गोळीने पित्त झाले’ म्हणजे छातीत जळजळ व आंबट ढेकर असा अर्थ होऊ शकतो, डोके दुखून उलटी होणे असाही होऊ शकतो. परंतु ‘अंगावर पित्त उठले’ म्हणजे खाजरी गांधी उठली. पहिल्या दोहोंत गोळी जेवणानंतर घेण्याने भागू शकेल, तर तिसरे अधिहर्षतेचे लक्षण असून तेच औषध पुन्हा दिल्यास प्राणावर बेतू शकते. केवळ ‘पित्त’ असा शेरा लिहिलेला कागद पुढच्या डॉक्टरला काहीच सांगत नाही.

‘औषध गरम पडते’ ही तक्रारही अशीच आहे. खोलात जाऊन विचारले असता तिच्यामागे तोंड येणे, लघवीला जळजळ, नाकातून रक्त, हातापायांची आग, शौचास पातळ होणे यांपैकी काहीही निघू शकते. हातापायांची आग हे आयसोनियाझिडाने तंत्रिकांना होणाऱ्या इजेचे लक्षण असू शकते. नाकातून येणारे रक्त रक्त पातळ करणाऱ्या गोळीची मात्रा जास्त झाल्याची सूचना असू शकते. ‘चक्कर’ या शब्दाने भोवतालचे फिरणे, उठताना अंधारी येणे, तोल जाणे, भुकेने गळून जाणे या चार निरनिराळ्या अवस्था दाखविल्या जातात व त्या प्रत्येकीचे कारण वेगळे असते. ‘रिॲक्शन आली’ हा शब्द तर कोणत्याही त्रासाला लावला जातो. लहानपणी पेनिसिलिनाने एकदा जुलाब झाले, त्याची ‘रिॲक्शन’ म्हणून नोंद झाली आणि पुढे जन्मभर ते स्वस्त व उत्तम औषध नाकारले गेले, असे रुग्ण कमी नाहीत. पाश्चात्त्य देशांत केलेल्या तपासण्यांत पेनिसिलिनाची अधिहर्षता असल्याचा शेरा मिळालेल्यांपैकी दहांत नऊ जणांना ती प्रत्यक्षात नसल्याचे आढळले आहे.

याचा अर्थ रुग्णाने शास्त्रीय परिभाषा शिकावी असा मुळीच नाही. उलट त्याने संज्ञा टाळून वर्णन करावे, हे इष्ट. ‘ॲसिडिटी झाली’ यापेक्षा ‘गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने छातीच्या मध्यभागी जळजळते, दूध प्यायल्याने थांबते’ हे वाक्य डॉक्टरला कितीतरी अधिक माहिती देते.

नोंदवही : नोंद ठेवण्यासाठी साधी शाळेची वही किंवा भिंतीवरील दिनदर्शिका पुरते. औषध सुरू केल्याची तारीख, मात्रेत केलेला प्रत्येक बदल, त्रास सुरू झाल्याची तारीख व वेळ, तो किती वेळ टिकला आणि त्याने कोणते नित्यकर्म अडले, एवढे लिहावे. ‘फार थकवा’ असे लिहिण्याऐवजी ‘दुसऱ्या मजल्यावर चढताना दोनदा थांबावे लागले’ असे लिहिल्यास पुढील आठवड्याशी तुलना करता येते. चुकलेल्या गोळ्याही प्रामाणिकपणे लिहाव्यात. डॉक्टर रागावतील या भीतीने ते लपविले जाते आणि गोळी लागू पडत नाही असे समजून मात्रा वाढविली जाते.

वहीत औषधाच्या व्यापारी नावाबरोबर मूळ रासायनिक नावही असावे. एकच औषध भिन्न कंपन्या भिन्न नावांनी विकतात. तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी अशा तीन गोळ्या घेणारा रुग्ण प्रत्यक्षात पॅरासिटॅमॉलच तिप्पट घेत असतो, आणि त्याची मर्यादा ओलांडल्यास यकृतास इजा होते. आपल्याकडे दुकानदार गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून चार-सहा गोळ्या देतात. त्यामुळे नाव, गट क्रमांक व मुदतीची तारीख बहुधा दुकानातच राहते. शक्य तेथे पूर्ण पट्टी घ्यावी. न जमल्यास बिल तरी मागून घ्यावे आणि छापील मजकूर असलेल्या बाजूच्या गोळ्या शेवटी वापराव्यात. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतात अधिक खपाच्या तीनशे औषधांच्या वेष्टनांवर संकेतचौकट छापणे बंधनकारक झाले आहे. तीवरून गट क्रमांकासह सर्व तपशील भ्रमणध्वनीवर वाचता येतो.

ज्यांना लोक औषधात गणत नाहीत त्यांचीही नोंद हवी. वैदूने दिलेली पुडी, काढा, भस्म, शेजारणीने सांगितलेली गुडघ्याची गोळी, डोळ्यांत घालावयाचे थेंब, मिश्री व तंबाखू हे सारे डॉक्टरांना सांगावयाचे राहून जाते. काचबिंदूवरील टिमोलॉलच्या थेंबांनी दमेकऱ्यास धाप लागते. सांधेदुखीवरील काही अनधिकृत पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. वनौषधी निरुपद्रवीच असते, ही समजूत चुकीची आहे.

काही औषधांचे विशेष : भारतात या विषयाचे सर्वाधिक महत्त्व क्षय रोगाच्या उपचारांत आहे; कारण येथे उपचार किमान सहा महिने चालतो आणि तो अर्धवट सोडल्यास रोग औषधांना दाद देईनासा होतो. रिफँपिसिनाने लघवी, घाम व अश्रू नारिंगी-तांबडे होतात. हा परिणाम पूर्णपणे निरुपद्रवी आहे. परंतु पहिल्याच दिवशी लाल लघवी पाहून ‘रक्त जाते’ या भीतीने औषध सोडणारे रुग्ण आढळतात. याउलट एथँब्युटॉलमुळे दृष्टितंत्रिकेस इजा होऊन लाल व हिरवा यांतील भेद प्रथम मंदावतो, पण त्याकडे रुग्णाचे लक्ष जात नाही. भारतात २०१७ पासून दैनिक उपचारपद्धती देशभर लागू झाली. तीत एथँब्युटॉल पहिल्या दोन महिन्यांऐवजी सहाही महिने दिले जाते. म्हणून एकेक डोळा झाकून रोजचे वर्तमानपत्र वाचून पाहण्याची सवय रुग्णास लावणे हितावह होय. भूक मरणे, मळमळ व लघवी गर्द पिवळी होणे ही यकृतदाहाची चिन्हे आहेत. डोळे पिवळे होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्रावर जावे. हातापायांच्या मुंग्या पिरिडॉक्सीन या जीवनसत्त्वाने टळतात वा आटोक्यात येतात. भय वाटावे असे निरुपद्रवी आणि निरुपद्रवी वाटावे असे भयंकर, हा भेद औषध हाती देतानाच पाच मिनिटांत समजाविता येतो. ती पाच मिनिटे न दिल्याने होणारे नुकसान मोजदादीपलीकडचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या घेऊन एकादशी, नवरात्र किंवा रोजा यांचा उपवास केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घाम, थरथर, धडधड व चिडचिड ही तिची लक्षणे होत. हाच रुग्ण प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध घेत असेल तर थरथर व धडधड झाकली जातात आणि घाम तेवढा उरतो. सांधेदाहावरील मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्याने मृत्यू घडले आहेत. या औषधाच्या चिठ्ठीवर वाराचे नाव मराठीत, ठळक अक्षरांत लिहून घ्यावे.

एका औषधाचा उपद्रव हा नवा रोग समजून त्यावर दुसरे औषध दिले जाते, या प्रकारास औषधशृंखला म्हणता येईल. उच्च रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनाने घोट्यांवर सूज येते. ती सूक्ष्म वाहिन्यांतून द्रव झिरपल्याने आलेली असते, पाणी साठल्याने नव्हे. तरी मूत्रल औषध सुरू केले जाते, त्याने रक्तातील यूरिक अम्ल वाढते, पायाचा अंगठा सुजतो, आणि त्यावर वेदनाशामक दिले की मूत्रपिंडावर ताण पडून रक्तदाब पुन्हा चढतो. एनालाप्रिलाने येणारा कोरडा, घसा खवखवविणारा खोकलाही प्रसिद्ध आहे. औषध सुरू केल्यावर तो काही दिवसांनी किंवा महिन्यांनीही येऊ शकतो. खोकल्याच्या बाटल्या, प्रतिजैविके, क्ष-किरण चित्रे व थुंकीच्या तपासण्या यांत रुग्णाचे कित्येक महिने जातात. औषध बदलल्यावर बहुधा एक ते चार आठवड्यांत खोकला थांबतो. दोन तारखा, गोळी सुरू झाल्याची व खोकला सुरू झाल्याची, एका पानावर शेजारी शेजारी असत्या तर ही साखळी पहिल्याच कडीपाशी तुटली असती.

खरा उपद्रव व अपेक्षेतून उद्‌भवणारा त्रास : नोंदवहीने प्रत्येक वेळी औषधच दोषी ठरते असे नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये झालेला व २०२० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने उद्‌बोधक आहे. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटीन वर्गातील गोळी त्रासामुळे सोडून दिलेले साठ रुग्ण त्यात होते. त्यांना बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या देण्यात आल्या. चारांत खरी गोळी होती, चारांत तशीच दिसणारी निर्गुण गोळी होती आणि चार रिकाम्या होत्या. दररोजच्या त्रासाला रुग्णांनी शून्य ते शंभर गुण दिले. निर्गुण गोळीच्या महिन्यांत झालेला त्रास खऱ्या गोळीच्या त्रासाच्या नव्वद टक्के भरला. त्रास काल्पनिक नव्हता. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांपेक्षा तो निश्चित अधिक होता, पण त्याचे मूळ औषधात नसून गोळी घेण्याच्या कृतीत व अपेक्षेत होते. स्वतःच्याच नोंदी पाहिल्यावर निम्म्या रुग्णांनी गोळी पुन्हा सुरू केली. ‘तुमच्या मनाचे आहे’ असे तोंडावर सांगून हे साधले नसते.

डॉक्टरांशी बोलणे : आपल्या समाजात डॉक्टरांपुढे औषधाविषयी तक्रार करणे हे त्यांच्या ज्ञानाविषयी शंका घेण्यासारखे मानले जाते. स्त्रिया व वृद्ध हा संकोच विशेष बाळगतात. सुनेने किंवा मुलाने परस्पर ‘सगळे ठीक आहे’ असे सांगून टाकल्यावर आजीने मान डोलावणे हे कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात दिसणारे दृश्य आहे. कामेच्छा कमी होणे, मासिक पाळीत बदल, लघवीवर ताबा न राहणे या तक्रारी विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही. म्हणून विचारण्याची पहिली जबाबदारी डॉक्टरांची आहे. ‘काही त्रास नाही ना?’ या प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच दिलेले असते. त्याऐवजी ‘गोळी सुरू झाल्यापासून काय बदल जाणवला?’ असे विचारल्यास वेगळे उत्तर मिळते. रुग्णाने वहीतील तीनच गोष्टी आधी निवडून, सर्वांत त्रासदायक ती प्रथम सांगावी. ती निघता निघता, दाराशी जाऊन सांगण्याची प्रवृत्ती असते आणि तेव्हा पुढचा रुग्ण आत आलेला असतो.

औषध आपल्या मनाने केव्हा थांबवावे, हा प्रश्न नेहमी उपस्थित होतो. ओठ, जीभ वा चेहरा सुजणे, धाप लागणे, पुरळाबरोबर ताप, तोंडात व डोळ्यांत फोड येणे, कावीळ, काळी शौच ही लक्षणे असल्यास पुढची मात्रा न घेता ताबडतोब रुग्णालय गाठावे. उलट प्रेडनिसोलोन, अपस्मारावरील औषधे, ॲटेनोलॉल, क्लोनिडीन यांसारखी औषधे किरकोळ त्रासासाठी एकाएकी बंद केल्यास मूळ उपद्रवापेक्षा मोठे संकट ओढवते.

नियमित निवेदनाचा लाभ किती असू शकतो, हे न्यूयॉर्क येथील एका कर्करोग रुग्णालयातील प्रयोगावरून दिसून आले. ईथन बाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७६६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटातील रुग्ण बारा सामान्य लक्षणांची तीव्रता संगणकावर नियमितपणे कळवीत आणि त्रास वाढताच परिचारिकेस सूचना जाई. दुसऱ्या गटास नेहमीप्रमाणे भेटीच्या वेळी विचारले जाई. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाचा मध्यक जीवितकाल ३१.२ महिने व दुसऱ्याचा २६ महिने भरला. उपद्रव वेळीच कळल्याने त्यावर लवकर इलाज करता आला आणि रसायनोपचार अधिक काळ चालू ठेवता आले, हे याचे संभाव्य कारण होय.

भारतातील व्यवस्था : औषधोपद्रवांच्या नोंदीचे प्रयत्न भारतात १९८० च्या दशकापासून झाले. १९९८ च्या सुमारास भारत जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमात सामील झाला. २००५ पासून चाललेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात नैर्ऋत्य विभागाचे केंद्र मुंबईतील सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय येथे होते. तो कार्यक्रम फार काळ टिकला नाही. सध्याचा भारतीय औषधदक्षता कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला असून एप्रिल २०११ पासून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतून व मोठ्या रुग्णालयांतून त्याची शेकडो निरीक्षण केंद्रे आहेत. २०१४ साली सामान्य ग्राहकांसाठी स्वतंत्र निवेदनपत्र काढण्यात आले आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावरही कामकाजाच्या दिवशी निवेदन करता येते.

अशा निवेदनांतून कधी कधी थेट निर्णय होतात. मासिक पाळीतील वेदनांसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अम्लाविषयी आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना दिली. या औषधाने पुरळ, ताप, गाठी सुजणे व अंतर्गत अवयवांना इजा असा तीव्र लक्षणसमूह होऊ शकतो, असे देशातील निवेदनांच्या छाननीत दिसून आले होते. हा लक्षणसमूह औषध घेतल्यापासून बहुधा दोन ते आठ आठवड्यांनी उद्‌भवतो, त्यामुळे दोन दिवस घेऊन संपविलेल्या गोळीशी त्याचा संबंध रुग्णाच्या सहसा ध्यानात येत नाही.

निवेदन ग्राह्य धरण्यास चार गोष्टी आवश्यक असतात : रुग्णाची ओळख, संशयित औषधाचे नाव, घडलेला उपद्रव आणि कळविणाऱ्याचा पत्ता. रुग्णाचे पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरे पुरतात. औषधानेच उपद्रव झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कळविणाऱ्यावर नसते, केवळ संशय पुरेसा असतो. निवेदन गुप्त ठेवले जाते व त्यावरून डॉक्टरवर, विक्रेत्यावर किंवा रुग्णावर कोणतीही कायदेशीर कारवाई होत नाही. कार्यकारणसंबंध ठरविण्याचे काम केंद्रातील तज्ज्ञ करतात. औषध व उपद्रव यांचा कालक्रम, औषध थांबविल्यावर त्रास ओसरला काय, पुन्हा दिल्यावर तो उलटला काय, आणि मूळ रोगाने वा दुसऱ्या औषधाने तो होणे शक्य आहे काय, हे प्रश्न त्यासाठी विचारले जातात. यांतील पहिल्या तिन्हींची उत्तरे रुग्णाने ठेवलेल्या तारखांतूनच मिळतात.